ऑडिट : मुळात ऐकण्याचे काम

सप्टेंबर जवळ आला, की व्यापारी घरांतून ‘ऑडिट झाले का?’ ही विचारणा सुरू होते. आपल्या लेखी ऑडिट म्हणजे तपासणी, सही आणि शिक्का. परंतु या शब्दाच्या मुळाशी पाहणे नाही, ऐकणे आहे. लॅटिनमध्ये ‘ऑडिरे’ म्हणजे ऐकणे. ऑडिओ, ऑडिटोरियम हे त्याच कुळातले. ऑडिटर म्हणजे मूळ अर्थाने श्रोता.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदाराचा कारभारी हिशेब मोठ्याने वाचून दाखवी व नेमलेली माणसे तो ऐकून शंका विचारीत. कित्येकांना वाचता येत नसे, हे त्याचे एक कारण. राजाच्या खजिन्यात भरणा झाल्याची खूण म्हणजे खाचा पाडलेली लाकडी काठी. ती उभी चिरून एक भाग देणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात राही. दोन्ही जुळले की हिशेब जुळला. १८३४ मध्ये अशा जुन्या काठ्या जाळताना लंडनचे संसदगृहच पेटले!

पुढे कागद वाढला आणि ऐकणे मागे पडले. किंग्स्टन कॉटन मिलच्या व्यवस्थापकाने शिल्लक माल वर्षानुवर्षे फुगवून दाखवला व ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला. १८९६ मध्ये न्यायालयाने ऑडिटरांना दोषमुक्त केले. ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, असा तो निवाडा. आज नियम कडक आहेत. तरी लहान पेढीतील शिल्लक मालाचा आकडा बहुधा मालकाच्या तोंडूनच येतो, हे कोणताही व्यापारी मान्य करील.

जैन घराला ऐकण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ‘श्रावक’ म्हणजेच ऐकणारा. आलोचनेतही दोष मनात ठेवून चालत नाही. ते गुरूंपुढे बोलावे लागतात. दुकानाचे हिशेब मात्र घरात कोणी ऐकत नाही. भागीदार म्हणून तिघा भावांच्या सह्या असतात, आकडे एकालाच ठाऊक. पत्नीच्या नावाने भागीदारी असते आणि कर्जाची रक्कम तिला बँकेची नोटीस आल्यावर कळते. वाटण्यांतील कटुतेचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडण्यापूर्वी जुन्या वहीतील देणी, येणी, बँकेचे कर्ज, घेतलेली हमी आणि शिल्लक माल एवढे तरी सर्व भागीदारांसमोर, स्त्रियांसह, मोठ्याने वाचावे. काम अर्ध्या तासाचे आहे. पहिल्या वर्षी प्रश्नांमुळे थोडा अधिक वेळ लागेल.