महाविद्यालयीन शिष्यवृत्ती : अर्जाची पूर्वतयारी

पाऊस पडल्यावर बियाण्याच्या शोधास निघणाऱ्या शेतकऱ्याची पेरणी लांबते आणि त्याचा फटका पुढे उत्पन्नास बसतो. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची गोष्टही तशीच आहे. पात्रता असूनही अनेक मुले शिष्यवृत्तीस मुकतात. योजना नसल्यामुळे असे क्वचितच घडते. दाखला वेळेवर तयार नसणे, बँकेचे खाते नीट जोडलेले नसणे, किंवा परत आलेल्या अर्जाकडे लक्ष न जाणे हीच त्याची नित्याची कारणे होत. ही तिन्ही कारणे गावातल्या गावात दूर करता येण्यासारखी आहेत.

कोणत्या योजना आहेत?

महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर भरावयाचे असतात. त्यांपैकी शेतकरी कुटुंबांच्या उपयोगाच्या काही प्रमुख योजना पुढे दिल्या आहेत.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्या विद्यार्थ्यांस भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिच्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न 2.50 लाख रुपयांपर्यंत असावे लागते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी स्वतंत्र योजना आहेत.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांस व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात सवलत मिळते. 2024-25 या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना, त्याच उत्पन्नमर्यादेत, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास ही सवलत लागू नाही. प्रवेश घेण्यापूर्वीच ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

शुल्क माफ झाले तरी शहरातील राहण्याजेवण्याचा खर्च उरतोच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. 1952 ते 1962 या काळात केंद्रात कृषिमंत्री असलेल्या पंजाबरावांचे नाव तिला दिलेले असून अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा तिच्यात विशेष विचार केलेला आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे.

बारावीत चांगले गुण मिळविणाऱ्यांसाठी केंद्र शासनाचीही एक शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरतात. कुटुंबाचे उत्पन्न 4.50 लाख रुपयांपर्यंत असावे लागते व पदवीच्या पहिल्या 3 वर्षांत दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. येथे 80 टक्के गुणांची अट नसून 80 पर्सेंटाइलची अट आहे. म्हणजे आपल्या मंडळात, आपल्या शाखेत परीक्षा दिलेल्या दर 100 मुलांपैकी सुमारे 80 मुलांच्या पुढे विद्यार्थी असला पाहिजे. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्यास दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. तेव्हा कोणती अधिक लाभाची हे आधी ठरवावे.

कागदपत्रे केव्हा काढावीत?

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक आणि प्रवेशाचे पत्र ही कागदपत्रे बहुधा लागतात. अल्पभूधारकाच्या दाखल्यासाठी सात-बारा व आठ-अ चे उतारे जवळ असावेत.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तो मागील आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा असावा. म्हणून 31 मार्च उलटताच, एप्रिल महिन्यात, त्यासाठी अर्ज करावा. निकाल लागल्यावर सर्वांचीच गर्दी होते व दाखल्यास विलंब लागतो. जात वैधता प्रमाणपत्रास त्याहूनही अधिक वेळ लागतो; त्याचा अर्ज मूल अकरावी-बारावीत असतानाच करणे हितावह होय.

दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव अक्षरशः जुळते की नाही हेही पाहून घ्यावे. लहानशा फरकामुळेही अर्ज अडून राहतो.

बँकेच्या खात्यासंबंधी खबरदारी

शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते. एखाद्याची दोन-तीन खाती असल्यास, आधारशी ज्या खात्याची जोडणी सर्वांत शेवटी झाली असेल त्या खात्यात पैसे जातात. ते खाते बंद पडलेले असेल तर रक्कम अडकते. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे व चालू असावे आणि त्याच खात्याची जोडणी झालेली आहे, याची बँकेत जाऊन खात्री करावी.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात महाविद्यालयाच्या शुल्काचाही भाग असतो; तो भाग महाविद्यालयात भरणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. सर्वच रक्कम घरखर्चास आली असे समजून ती खर्च केल्यास पुढे अडचण उद्भवते.

अर्ज भरल्यानंतर

अर्ज भरला म्हणजे काम संपले, असे मानू नये. अर्जाची छाननी प्रथम महाविद्यालय करते व त्यानंतर संबंधित विभाग करतो. त्रुटी आढळल्यास अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठविला जातो. मुदतीत दुरुस्ती करून तो पुन्हा सादर केला नाही तर त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडते. त्यासाठी दर आठवड्यास अर्जाची स्थिती पाहावी आणि नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक बदलू नये. त्या क्रमांकावर येणारा सांकेतिक अंक कोणासही सांगू नये. पुढील वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करावा लागतो, हेही विसरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

आपल्या गावातून यंदा बारावीस कोण बसले आहे, त्याची यादी कार्यकर्त्याने मार्च महिन्यातच करावी. प्रत्येक नावापुढे जात, उत्पन्न व जमीन यांची नोंद करून कोणती योजना लागू पडते ते लिहावे आणि कोणता दाखला उणा आहे त्यावर खूण करावी. मे महिन्याच्या आत त्या खुणा पुसल्या गेल्या पाहिजेत. एका वहीचे हे काम आहे. परंतु दोन एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या कुटुंबातील मुलगी कृषी महाविद्यालयात जाणार की प्रवेश मिळूनही घरी राहणार, हे पुष्कळदा त्या वहीवरच अवलंबून असते.