भट्टीचा पारा, बटणावर सारा!

जुन्नर-आंबेगावकरांनो, ओव्हनचा दरवाजा उघडून, आत हात घालून 'तापली का गं भट्टी?' असं विचारायचे दिवस गेले! मंचरची बेकरी असो, ओतूरमधला घरगुती केकचा धंदा असो, नाहीतर हायवेलगतच्या फार्महाऊसवर चिकन स्मोक करायचा बेत असो. तळहाताहून छोटी एक डबी आता सगळा 'ताप' स्वतःच्या डोक्यावर घेते. तिचं नाव डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर. चला, तिच्या पोटातल्या भन्नाट गोष्टी पटापट बघू!

४८ म्हणा, पण ४५ कापा

माहीत आहे का? या डबीचा सगळ्यात लोकप्रिय साईज जगभर एकच आहे: पुढून ४८ बाय ४८ मिलिमीटर. जपानी घ्या, चिनी घ्या, नाहीतर आपली भारतीय, पॅनेलवर तीच खिडकी चालते. पण फॅब्रिकेटरला माप सांगताना ४५ बाय ४५ सांगा. ४८ चं भोक पाडलंत, तर डबी पॅनेलमधून आरपार खाली!

नाणेघाटाचे 'डिजिट'

डिस्प्लेवर दोन ओळी लुकलुकतात. वरची पीव्ही, म्हणजे आत्ता खरं किती तापलंय. खालची एसव्ही, म्हणजे तुम्हाला किती हवंय. सगळा खेळ अंकांचा! आणि अंक म्हटलं की कॉलर ताठ करायचा हक्क जुन्नरचाच. आपल्या नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखात भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही कोरलेले आहेत, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाण्यांचा तो हिशेब आहे. फक्त शून्य तेवढं तिथं सापडत नाही. आपल्या कंट्रोलरचं मात्र शून्याशिवाय पानही हलत नाही!

मासवडीत मासा नाही, सेन्सरमध्ये पारा नाही

जुन्नरची मासवडी खाणाऱ्याला हे सांगायला नको: नावात मासा, ताटात बेसन! तसंच इथंही. 'पारा चढला' म्हणतो आपण, पण ओव्हनमधल्या सेन्सरमध्ये पाऱ्याचा थेंबही नसतो. असतात फक्त दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला जोडलेल्या. जोड तापला की तारांत इवलासा व्होल्टेज तयार होतो. ही जादू थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये पकडली. तिच्यावर चालणाऱ्या या सेन्सरला थर्मोकपल म्हणतात.

इवलासा म्हणजे किती इवलासा?

के टाईप थर्मोकपल एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो. या हिशेबानं साध्या पेन्सिल सेलचे दीड व्होल्ट गाठायचे, तर ३६ हजार अंशांहून जास्त तापवावं लागेल. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साडेपाच हजाराच्या आसपासच आहे! म्हणून ही तार वाढवताना घरातली तांब्याची वायर जोडू नका. के टाईपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल मागा, नाहीतर रीडिंग गंडलंच म्हणून समजा.

लाल म्हणजे प्लस? थांबा थांबा!

अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल तार मायनस असते! बॅटरीच्या सवयीनं लाल तार प्लसला लावली, की गंमत सुरू. ओव्हन तापतोय आणि आकडा मात्र खाली खाली घसरतोय. बिचारा कंट्रोलर समजतो 'अजून गारच आहे' आणि हीटर पेटवतच राहतो. टेस्ट सोपी आहे. सेन्सरचं टोक मुठीत धरा. आकडा वर गेला तर तार बरोबर, खाली गेला तर अदलाबदल करा. आणि हो, मेनूत जाऊन सेन्सरचा टाईप निवडायला विसरू नका. तार के टाईपची आणि सेटिंग जे टाईपचं, असं असेल तर अख्खी बॅच वाया!

जुन्नरला पाणी लवकर उकळतं

माहीत आहे का? जुन्नरमध्ये पाणी १०० अंशांवर उकळत नाही! शहर समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथं पाणी साधारण ९७.७ लाच खळखळतं. भीमाशंकरला चढलात तर आणखी खाली, ९७ च्याही आत. तेव्हा सेन्सर उकळत्या पाण्यात धरला आणि डिस्प्लेवर ९८ दिसलं, तर दुकानदाराला फोन लावू नका. माल चोख आहे! दुसरी परीक्षा बर्फाची. भांडंभर बर्फाचा चुरा घ्या, थोडंसंच पाणी घाला, ढवळा आणि सेन्सर बुडवा. डिस्प्लेवर शून्य यायलाच हवं. दोन्हीकडे दोन अंश जास्त दाखवतोय? मेनूत 'ऑफसेट' शोधा, उणे दोन भरा, विषय संपला.

सगळ्यात जुना कंट्रोलर कोंबडीच्या सेवेत

१६२० च्या सुमाराला कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच अवलियानं आपलं आपण उष्णता राखणारी भट्टी बनवली. भट्टी तापली की आतलं अल्कोहोल फुगायचं, पाऱ्याला ढकलायचं आणि हवेची झडप बंद व्हायची. गार झाली की झडप पुन्हा उघडी! कशासाठी? अंडी उबवायला! म्हणजे तापमानाच्या कंट्रोलरची पहिली मोठी गिऱ्हाईक कोंबडीची पिल्लं. आजही इनक्युबेटर साडेसदतीस अंशांच्या आसपास २१ दिवस धरून ठेवायचा, तर काम याच डबीचं.

पीआयडी म्हणजे माळशेजचा ड्रायव्हर

साधा थर्मोस्टॅट १८० ला हीटर बंद करतो, पण तापलेली कॉईल ऐकते कुठं! भट्टी १९५ ला जाते, मग १६५ ला घसरते. नानकटाई खालून काळी, वरून कच्ची. उपाय आहे पीआयडी. माळशेज घाटात एसटी चढवणारा ड्रायव्हर आठवा. आत्ता वेग किती कमी आहे हे बघून तो ॲक्सिलरेटर दाबतो, हे पी. बराच वेळ गाडी मागेच पडतेय म्हणून आणखी थोडा दाबतो, हे आय. चढ संपतोय, वेग झपाट्यानं वाढतोय, म्हणून पाय आधीच उचलतो, हे डी. गंमत म्हणजे हे गणित खरोखरच एका 'ड्रायव्हिंग'मधून आलं. निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाचं सुकाणू धरणारे खलाशी न्याहाळले, १९२२ मध्ये सिद्धांत मांडला आणि त्याची चाचणी झाली अमेरिकी युद्धनौकेवर. युद्धनौकेचं सुकाणू ते तुमची नानकटाई. काय प्रवास आहे!

ऑटो-ट्यून: यात गाणं नाही, ताण आहे

पी, आय, डीचे आकडे कोण काढणार? डबीच काढते! मेनूत ऑटो-ट्यून चालू करा. ती हीटर पूर्ण चालू-पूर्ण बंद करत पारा मुद्दाम वरखाली झुलवते, झोके मोजते आणि आकडे स्वतःच भरते. ट्रिक एकच. रोज १८० वर भाजत असाल, तर १८० लावूनच ट्यून करा, ट्रे आत ठेवूनच करा आणि मधे दरवाजा उघडू नका. रिकाम्या ओव्हनमध्ये शिकलेली डबी भरल्या ओव्हनमध्ये गोंधळते.

खोडदचे कान आणि मायक्रोवेव्हचं दार

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, अवकाशातली रेडिओ कुजबुज ऐकणाऱ्या. अशा दुर्बिणींना स्वयंपाकघरही फसवू शकतं, माहीत आहे का? ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला कित्येक वर्षं गूढ सिग्नल मिळत होते. २०१५ मध्ये चोर सापडला. वेळ संपायच्या आत मायक्रोवेव्हचं दार उघडणारे भुकेले कर्मचारी! विजेची उघडझाप म्हणजे रेडिओ गोंगाट. म्हणून ओव्हनचा हीटर चालू-बंद करायला 'झिरो क्रॉस' जातीचा एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, घ्या. विजेची लाट शून्यावर असतानाच तो स्विच करतो. ठिणगी नाही, टकटक नाही.

एसएसआर: गुणी, पण मरताना दगा देतो

२००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो. बऱ्याच कंट्रोलरमधला छोटा रिले एवढा भार फार काळ पेलत नाही. म्हणून बाहेर सॉलिड स्टेट रिले लावायचा, २५ अँपिअरचा, हीट सिंकसकट. दर अँपिअरमागे तो साधारण १ वॉट स्वतः गरम होतो! आणि आता कान इकडे द्या. एसएसआर जळतो तेव्हा बहुतेक वेळा 'चालू' अवस्थेतच अडकतो. डिस्प्ले ओरडत राहतो आणि हीटर पेटलेलाच! म्हणून ठरलेल्या तापमानापुढं वीज तोडणारा वेगळा हाय-लिमिट कटआउट, योग्य एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच हवं. वायरिंग जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. इथं काटकसर नको, अजिबात नको.

हीटरच नाही, तरी कंट्रोलर!

कोळशाच्या स्मोकरमध्ये कंट्रोलर काय चालवतो? पंखा! तापमान उतरलं की छोटा ब्लोअर निखाऱ्यांना हवा देतो, चढलं की गप्प बसतो. मोठ्या तुकड्यांची आणखी एक गंमत. मटणाची अख्खी रान स्मोक करताना आतलं तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान तासन् तास हलतच नाही. सेन्सर बिघडलेला नसतो. मांसातलं पाणी वाफ होऊन उष्णता पळवत असतं. म्हणून दोन सेन्सर लावा, एक धुरात आणि एक मांसात. चिकनच्या आत ७४ दिसेपर्यंत ताट वाढू नका!

दूध, टोमॅटो, द्राक्ष: सगळे एकाच डबीचे पाहुणे

पाश्चरायझेशन म्हणजे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद. तापमान जरा घसरलं, की झडप आपोआप फिरते आणि दूध पुन्हा तापायला मागं! मंचरच्या पराग डेअरीसारख्या मोठ्या प्लांटांचं अख्खं कामकाज अशाच नेमक्या तापमानावर चालतं.

नारायणगावच्या बाजारात २०२३ च्या जुलैत टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटनं २ हजारांचा आकडा ओलांडला होता. पण पडत्या भावात? ड्रायर ६० अंशांवर लावा. त्या क्रेटमधलं जवळपास १९ किलो तर पाणीच असतं. ते उडालं की उरतो किलोभराचा, टिकणारा आणि बरणीत मावणारा माल.

आणि हो, ही डबी थंडीही सांभाळते! मेनूत 'हीट'चं 'कूल' केलं, की तीच चिलर चालवते. नारायणगावात १९८० च्या दशकात शाटो इंडाज या कंपनीनं द्राक्षांपासून फेसाळती वाईन बनवायला घेतली. पांढऱ्या वाईनचं आंबवणं १२ ते १८ अंशांत चालतं. तिथं शत्रू थंडी नाही, उकाडा!

जाता जाता: सी की एफ?

यूट्यूबवरचा अमेरिकी शेफ म्हणतो, 'स्मोकर २२५ वर ठेवा.' तुम्ही ठेवता आणि चिकनचा कोळसा! कारण त्याचे २२५ फॅरनहाइट, म्हणजे आपले १०७ सेल्सिअस. दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात ती फक्त उणे ४० ला, आणि तिथं कुणी नानकटाई भाजत नाही!

तेव्हा मंडळी, क्रम पाठ करा: सेन्सरचा टाईप, सी की एफ, बर्फाची परीक्षा, कटआउट, ऑटो-ट्यून. पूर्वी भट्टीची नस कळायला उस्तादाच्या हाताखाली वर्षं घालवावी लागायची. आता ज्याला चांगलं भाजायची हौस आहे, त्या प्रत्येकाला ती नस एका दुपारी सापडू शकते. बचत गटाच्या ताईंना, कॉलेजच्या पोरांना, शेतातला माल शेतातच सुकवू बघणाऱ्या दादांना. लावा एसव्ही आणि होऊ दे खमंग!