कोपीपुढचा धूर

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. साखर कारखान्याच्या आसपास कोप्यांची, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांची, वस्ती उभी राहते. कोपीत धड वाकून बसायलाही जागा नसते, म्हणून चूल बाहेर, तीन दगडांची. बायका पहाटेच्या अंधारात भाकरी थापायला बसतात. थंडी मी म्हणत असते, त्यामुळे तान्हं पोर मांडीवर, नाहीतर चुलीशेजारीच गोधडीत. घरातला धूर वाईट हे एव्हाना बहुतेकांना पटलंय. पण उघड्यावरच्या चुलीचा धूर वाऱ्यावर जातो, त्याची काय चिंता, असाच समज आहे.

तो कुठे जातो, हे हिवाळ्यातल्या सकाळी दिसतं. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते, आणि वर उबदार हवेचा थर बसतो. एरवी उंच चढून विरणारा धूर या थराखाली अडकतो आणि आडवा पसरतो. ऊन तापेपर्यंत वस्तीवर निळसर पट्टा रेंगाळत राहतो. नेमक्या याच वेळात चुली पेटलेल्या असतात, शेकोट्याही.

चुलीच्या अगदी जवळचा प्रकार वेगळाच. जाळ चहूबाजूंनी हवा ओढून घेत असतो. माणूस जिकडे बसतो तिकडून येणारी हवा अडते आणि धूर त्याच्याकडेच कलतो. शेकोटीभोवती कितीही जागा बदला, धूर आपलीच पाठ धरतो, ही सगळ्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. मोठा माणूस तोंड फिरवतो, उठून जातो. आठ महिन्यांचं पोर कुठे जाणार?

त्यात त्याचा श्वासही भरभर चालतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात, तान्ह्या बाळाचे ३० ते ६०. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. फुप्फुसातले बहुतेक वायुकोश जन्मानंतर तयार होतात आणि हे काम पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत झपाट्याने चालतं. श्वासनलिका अरुंद असते. मोठ्याला जाणवणारही नाही एवढ्या सुजेने बाळाला धाप लागते. लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, बेंझीन हे सगळं असतंच, पण खरी भीती २.५ मायक्रॉनहून बारीक कणांची. पदर किंवा रुमाल त्यांना फारसा अडवत नाही. ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात आणि जंतू गिळणाऱ्या तिथल्या पेशींना दुबळं करतात. मग सर्दीचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

धूर कमी केला तर न्यूमोनिया टळतो का? ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात २००२ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात काही घरांना धुराडं असलेल्या चुली दिल्या. बाळांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. एकूण न्यूमोनियातली घट मात्र ठामपणे सांगण्याएवढी नव्हती. पुढे मलावीत दहा हजारांवर मुलांच्या घरांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. कमी धुराच्या चुली देऊनही न्यूमोनियात फरक पडला नाही. भारतासह (तमिळनाडूत) चार देशांत गरोदर बायकांना थेट गॅस दिला, तरी बाळांचा गंभीर न्यूमोनिया घटला नाही. कारणांवर अजून वाद आहे. पण एक कारण मला सगळ्यांत पटतं: आपली चूल बदलली तरी शेजारची पेटलेली असते, कोपऱ्यावर कचरा जळत असतो, आणि धुराड्यातून गेलेला धूर अंगणातच उतरतो. आपल्या योजना घरं मोजतात; धूर वस्तीचा असतो. शिवाय ऊसतोड कुटुंबाचं गॅसजोडणीचं घर गावाकडे असतं, कोपीपुढे चूलच.

अख्ख्या वस्तीचा धूर कमी होईल तोवर हाताशी जे आहे त्यात करता येण्यासारखं थोडं आहे. ओलं लाकूड धुमसतं, म्हणून जळण वाळलेलं हवं. पेटवणाला टायरचे तुकडे किंवा प्लास्टिक नको. बाळाला ऊब चुलीची नको, गोधडीची द्यावी, आणि झोपवावं ते वारा येतो त्या बाजूला, जाळापासून लांब. खोकला असेल तर बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर मोजत बसू नये, तडक निघावं.