सांभाळणारीचा रोज कोण देणार?

मैत्रिणींनो, परवा आमच्या सेनगावात बचत गटाची बैठक होती. हप्त्याचा विषय बाजूलाच राहिला आणि वेगळीच चर्चा रंगली. गटातल्या एक वहिनी यंदा सोयाबीन काढणीला गेल्याच नाहीत. वीस वर्षांचा मुलगा जन्मापासून अंथरुणावर आहे. त्याला भरवायचं, आंघोळ घालायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. सगळ्या हंगामाची मजुरी गेली. कुणीतरी म्हणालं, "पण त्याला निराधारचे पैसे येतात की!"

येतात ना. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १५०० रुपये मिळायचे, २०२५ मध्ये सरकारने ते २५०० केले. चांगलंच झालं. पण ते पैसे मुलाचे. त्याच्या औषधात, डायपरमध्ये आणि दवाखान्याच्या गाडीभाड्यात ते संपतात. आईचा बुडालेला रोज त्यात कुठेच धरलेला नाही. लाडक्या बहिणीचे पैसे मिळाले तरी ते बाई म्हणून मिळतात, सांभाळते म्हणून नव्हे.

गंमत म्हणजे कायद्यात ही सोय लिहिलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. फक्त सरकारच्या आर्थिक कुवतीनुसार, अशी पाचर मारून ठेवली आहे. माझ्या ओळखीच्या एकाही घरात असा भत्ता आलेला मी पाहिला नाही. केरळमध्ये मात्र 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पूर्णवेळ सेवा करणाऱ्याला त्यात महिन्याला ६०० रुपये ठरवले आहेत. सहाशे म्हणजे काहीच नाही, पण सरकारदरबारी सांभाळणारीचं नाव तरी लागलं!

आणि हे फक्त आपल्याकडेच असं आहे, असंही नाही बरं का. इंग्लंडमध्ये १९७६ साली असा भत्ता सुरू झाला, पण लग्न झालेल्या बायकांना त्यातून वगळलं होतं. का, तर ती तशीही घरीच असणार! जॅकी ड्रेक नावाच्या बाईंनी आजारी आईसाठी नोकरी सोडली होती. त्यांचं प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोवर दहा वर्षं गेली होती.

आमच्या बैठकीतल्या एक आजी मात्र रागावल्या. "लेकराची सेवा काय पैशात मोजायची गं?" त्यांचं बोलणं खोटं नाही. पण मला विचाराल तर माया कुणीच मोजत नाहीये, मोजायचा तो बुडालेला रोज. त्याच मुलासाठी बाहेरची बाई ठेवली असती तर तिला पैसे द्यावेच लागले असते की नाही? घरची बाई फुकट, हा हिशेब कुणी केला?

वहिनी स्वतः काय म्हणाल्या ते ऐका. "पैशाचं मरू द्या. आठवड्यातून एक दिवस कुणी त्याच्याजवळ बसलं, तर मी दिवाळीनंतर एकदा माहेरी जाऊन येईन." चार वर्षांत त्या माहेरी गेलेल्या नाहीत. मला वाटतं, भत्त्याइतकीच हीही मागणी धरायला हवी.

त्याच कायद्याचं कलम ३८ आपल्या कामाचं आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि मोठ्या आधाराची गरज असेल, तर त्या व्यक्तीला तो आधार मागता येतो. तिच्या वतीनं दुसरं कुणीही, एखादी संस्थासुद्धा, अर्ज करू शकते. वहिनींच्या मुलाचं यूडीआयडी कार्ड झालेलं आहे, तेव्हा पहिला अर्ज त्याचाच करायचं ठरलं. किती वाजता उठतात, रात्री कितीदा कूस बदलतात, सगळं त्यात लिहायचं. बैठकीतच लिहिणार होतो, पण त्याला भरवायची वेळ झाली आणि त्या उठून गेल्या. आता सोमवारी वही घेऊन मीच त्यांच्या घरी जाणार आहे.