न्यूयॉर्कची कीर्ति आणि लंडनचा प्रेक्षक

न्यूयॉर्कमध्यें एखादें संगीत नाटक गाजूं लागलें, त्याच्या तिकिटांसाठीं महिने महिने आधीं नोंदणी होऊं लागली, कीं थोड्याच दिवसांत तेथील नाट्यव्यवसायांत एक प्रश्न ऐकूं येतो : हें नाटक लंडनमध्यें चालेल काय? वरवर पाहतां प्रश्न सोपा वाटतो. दोन्ही शहरांची भाषा एकच, दोहोंकडे नाटकाची आवड जुनी, दोहोंकडे मोठीं नाट्यगृहें आणि कसलेले नट. मग एके ठिकाणीं जें हजारों लोकांना आवडलें, तें दुसऱ्या ठिकाणीं कां आवडूं नये? परंतु गेल्या पाऊणशें वर्षांचा अनुभव निराळा आहे. न्यूयॉर्कमध्यें दीर्घकाळ चाललेलीं कांहीं नाटकें लंडनमध्यें दोन महिन्यांतच गुंडाळावीं लागलीं. आणि ज्यांच्याविषयीं शंका घेण्यास पुष्कळ जागा होती अशीं कांहीं तेथें जन्मस्थानापेक्षांही अधिक काळ टिकलीं.

हा केवळ रसिकांच्या कुतूहलाचा विषय नाहीं. अशा एका नाटकाच्या स्थलांतरांत फार मोठी रक्कम गुंतलेली असते, आणि तिचा बहुतेक भाग पहिला पडदा वर जाण्यापूर्वींच खर्च झालेला असतो. नाटक पडलें तर पैसा लावणाऱ्यांचें नुकसान होतेंच. पण त्याबरोबर नटनटी, नर्तक, वादक, शिंपी, दिवे सांभाळणारे आणि देखावे हलविणारे अशा कितीतरी माणसांना एकाएकीं दुसरें काम शोधावें लागतें.

ब्रॉडवे हें मूळचें न्यूयॉर्कमधील एका लांबलचक रस्त्याचें नांव. त्याच्या आसपास असलेलीं सुमारें चाळीस मोठीं नाट्यगृहें मिळून त्याच नांवानें ओळखलीं जातात. लंडनमध्यें नाट्यगृहांची अशीच दाटी ज्या भागांत आहे त्यास वेस्ट एंड म्हणतात. मराठी नाटक गांवोगांव दौऱ्यावर जातें. तेथें मात्र नाटक एका नाट्यगृहांत मुक्काम ठोकतें, आठवड्याला साधारण आठ प्रयोग करतें, आणि प्रेक्षक येत आहेत तोंपर्यंत तेथेंच राहतें. दुसराही एक भेद आहे. मराठी संगीत नाटकांत गायक नटाचें पद रंगलें आणि प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला, तर तें पद वाढतें, फुलतें. प्रत्येक रात्रीचा प्रयोग थोडा वेगळा होतो. ब्रॉडवेच्या नाटकांत ही मोकळीक जवळजवळ नसते. गीत, नृत्य, वाद्यवृंद, प्रकाश आणि देखाव्यांची हालचाल हीं सर्व घड्याळाच्या कांट्यावर बांधलेलीं असतात. त्यामुळेंच असें नाटक जसेंच्या तसें उचलून दुसरीकडे नेतां येतें. मूळचा दिग्दर्शक आणि नृत्य बसविणारा लंडनला जातो, बहुधा तेथीलच नट निवडतो, आणि त्यांना तींच पावलें व त्याच जागा शिकवितो. नाटक जवळजवळ तेंच राहतें. बदलतो तो समोर बसलेला माणूस. म्हणूनच या स्थलांतरांच्या इतिहासावरून प्रेक्षकाविषयीं पुष्कळ शिकतां येतें.

त्या इतिहासांत १९४७ हें वर्ष विशेष मोलाचें आहे. महायुद्ध संपून दोन वर्षें होत आलीं होतीं, पण लंडनमध्यें पाव आणि कापड अजून शिधापत्रिकेवर मिळत होतें. नुकताच सरलेला हिवाळा कडक थंडीचा आणि कोळशाच्या टंचाईचा गेला होता. अशा वेळीं, एप्रिलच्या अखेरीस, ड्रुरी लेन येथील थिएटर रॉयलमध्यें ‘ओक्लाहोमा!’ हें नाटक आलें. रिचर्ड रॉजर्स यांचें संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांचे शब्द असलेलें हें नाटक १९४३ पासून न्यूयॉर्कमध्यें चालूं होतें, आणि तेथें पुढें त्याचे २,२१२ प्रयोग झाले. त्याची कथा अमेरिकेच्या एका दूरच्या प्रांतांतील गुराख्यांची आणि शेतकऱ्यांची. लंडनच्या कारकुनास किंवा दुकानदारास त्या गुराख्यांच्या भांडणाशीं कर्तव्य तें काय? तरीही लंडनमध्यें नाटकाचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. त्याच वर्षाच्या जूनमध्यें आयर्व्हिंग बर्लिन यांचें ‘ॲनी गेट युअर गन’ कोलिझियममध्यें आलें. बंदुकीचा अचूक नेम धरणाऱ्या एका अमेरिकन मुलीची ती गोष्ट. न्यूयॉर्कमध्यें तिचे १,१४७ प्रयोग झाले, लंडनमध्यें १,३०४. मोकळें आकाश, भडक रंग आणि अंगांत मावत नाहीं असा उत्साह, यांची त्या उपाशी शहरास गरज होती. नाटकांतील परकेपणा येथें अडचण न ठरतां आकर्षण ठरला.

पण त्याच वर्षीं तिसरें एक नाटक आलें आणि त्याचें नशीब निराळें निघालें. ‘फिनियन्स रेनबो’ या नाटकाचे न्यूयॉर्कमध्यें ७२५ प्रयोग झाले. त्यांतील गाणीं लोकांच्या ओठीं बसलीं. आयर्लंडहून सोन्याचा हंडा घेऊन आलेला एक म्हातारा, त्या हंड्याच्या मागें लागलेला यक्षासारखा चिमुकला पुरुष, आणि कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारा पण जादूनें स्वतःच कृष्णवर्णीय होऊन बसलेला दक्षिणेकडचा सिनेटर, अशीं त्यांत पात्रें होतीं. अमेरिकेंत हा विनोद म्हणजे एका जळत्या प्रश्नावर मारलेला चाबूक होता. लंडनमध्यें ऑक्टोबरांत आलेलें हें नाटक दोन महिन्यांच्या आंत बंद पडलें. संगीत तेंच, जादूही तीच. परंतु त्या सिनेटरास प्रत्यक्ष जीवनांत ओळखणारे प्रेक्षक तेथें समोर नव्हते. विनोद समजावून सांगावा लागला कीं त्यांतील धार जाते. आणि येथें तर समजावून सांगण्यासही कोणी नव्हतें.

या तिन्ही नाटकांकडे एकत्र पाहिलें म्हणजे अडचणीचें मूळ दिसूं लागतें. दोन शहरांची भाषा एक असणें हीच गोष्ट निर्मात्यास फसविते. नाटक परभाषेंत न्यावयाचें झालें, तर भाषांतरकारास प्रत्येक वाक्यापाशीं थांबून विचारावें लागतें कीं, याचा अर्थ माझ्या प्रेक्षकाच्या घरांत काय होतो? याचें उत्तम उदाहरण मराठीतच आहे. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ सालीं ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणली, तेव्हां लंडनच्या रस्त्यावरील बोली मराठींत आणण्याचा प्रश्नच नव्हता. मराठी समाजांत बोलीवरून माणसाची पायरी कशी ठरविली जाते, हें शोधून त्यांनीं नाटक नव्यानें उभें केलें. त्यामुळें तें मराठी प्रेक्षकास आपलें वाटलें. न्यूयॉर्कहून लंडनला जाणाऱ्या नाटकास असा भाषांतरकार भेटत नाहीं. शब्द कळतात, म्हणून अर्थही पोंचला असें गृहीत धरलें जातें. आणि शब्दांमागचा समाज मात्र अटलांटिकच्या पलीकडे राहून जातो.

त्याच ‘पिग्मॅलियन’वरून ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोव यांनीं ‘माय फेअर लेडी’ रचली. १९५६ मध्यें ती न्यूयॉर्कमध्यें आली व तेथें तिचे २,७१७ प्रयोग झाले; १९५८ मध्यें ती ड्रुरी लेनला पोंचली आणि तेथें २,२८१ प्रयोग चालली. या खेपेस विषयच लंडनचा होता, आणि रेक्स हॅरिसन, ज्यूली अँड्र्यूज व स्टॅन्ली हॉलोवे हे मूळ नटही इंग्रजच होते. यावरून विषय जवळचा असला कीं नाटक चालतें असें कोणी म्हणेल. पण तेंही खरें नाहीं. स्टीफन सॉन्डहाइम यांचें ‘स्वीनी टॉड’ हें नाटक लंडनमधल्याच एका खुनी न्हाव्याच्या दंतकथेवर रचलेलें. १९७९ मध्यें न्यूयॉर्कला त्याचे ५५७ प्रयोग झाले आणि त्यास त्या वर्षीं आठ टोनी पारितोषिकें मिळालीं. १९८० मध्यें तें ड्रुरी लेनच्या प्रचंड नाट्यगृहांत आलें आणि १५७ प्रयोगांनंतर बंद झालें. पुढें १९९३ मध्यें लंडनच्या नॅशनल थिएटरनें तेंच नाटक आपल्या कॉटस्लो या लहानशा रंगमंदिरांत केलें. तेथें प्रेक्षक त्या न्हाव्याच्या वस्तऱ्यापासून हातभर अंतरावर बसल्यासारखा होता. तो प्रयोग गाजला, आणि १९९४ च्या ऑलिव्हिए पारितोषिकांत सर्वोत्तम पुनरुज्जीवित संगीत नाटक म्हणून त्याचा गौरव झाला. नाटक तेंच, शहर तेंच. पण घर बदललें. कोणतें नाटक किती मोठ्या वास्तूंत श्वास घेऊं शकेल, हा प्रश्न कथेइतकाच महत्त्वाचा असतो.

उलट, विषय सर्वस्वी परका असूनही यश मिळाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. ‘वेस्ट साइड स्टोरी’ ही न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतील उनाड टोळ्यांची कथा. न्यूयॉर्कमध्यें १९५७ पासून तिचे ७३२ प्रयोग झाले. लंडनमध्यें १९५८ च्या डिसेंबरांत ती आली आणि हजारांहून अधिक प्रयोग चालली. कारण तिचा सांगाडा शेक्सपियरच्या रोमिओ-ज्यूलिएटचा आहे. टोळ्यांचीं नांवें न कळलीं तरी वैरांत सांपडलेलें प्रेम कोणासही कळतें. ‘फिडलर ऑन द रूफ’ हें झारच्या रशियांतील एका ज्यू गवळ्याचें नाटक. तें १९६७ मध्यें लंडनला आलें आणि त्याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. मुली वयांत येतात, बापाची रीत मोडतात, आणि बाप रागावतां रागावतां विरघळतो. हें समजण्यास रशियाचा इतिहास ठाऊक असावा लागत नाहीं. घरांत एक उपवर मुलगी असली तरी पुरे.

पारितोषिकांवर विसंबून राहणेंही धोक्याचें आहे. ‘द ड्राउझी चॅपरोन’ या विनोदी नाटकास २००६ मध्यें पांच टोनी पारितोषिकें मिळालीं. २००७ च्या जूनमध्यें तें लंडनच्या नॉव्हेलो नाट्यगृहांत आलें आणि ऑगस्टच्या आरंभींच उठलें. जुन्या अमेरिकन संगीत नाटकांची प्रेमळ थट्टा हा त्याचा गाभा. आणि थट्टा ज्याची करावयाची तो प्रेक्षकाच्या ओळखीचा असावा लागतो. ‘स्प्रिंग अवेकनिंग’ची हकीकत याहून विचित्र आहे. त्यास २००७ मध्यें आठ टोनी मिळालीं. २००९ च्या आरंभीं तें लंडनच्या हॅमरस्मिथ भागांतील लिरिक नाट्यगृहांत आलें, तेथून वेस्ट एंडला गेलें, आणि मे अखेर बंद पडलें. पुढच्या वर्षीं त्यालाच सर्वोत्तम नव्या संगीत नाटकाचें ऑलिव्हिए पारितोषिक मिळालें. परीक्षकांनीं ज्याच्या गळ्यांत माळ घातली, त्या नाटकास तिकीट काढणारा प्रेक्षक पुरेसा मिळाला नव्हता.

अलीकडील काळांत सर्वांत मोठी शंका घेतां आली असती ती ‘हॅमिल्टन’विषयीं. लिन-मॅन्युएल मिरांडा यांचें हें नाटक अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्याचें चरित्र सांगतें. ब्रिटनविरुद्ध झालेलें बंड हा त्याचा विषय, आणि सरकारी कर्ज व राष्ट्रीय बँक यांवरील वाद रॅप या शीघ्र तालबद्ध गायनांतून मांडलेले. तें २०१५ मध्यें ब्रॉडवेवर आलें आणि २०१७ च्या डिसेंबरांत लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेसमध्यें उघडलें. ज्या राजाचें राज्य या कथेंत हातचें जातें, त्याच्याच वंशजांच्या राजधानींत हें नाटक! पण त्यांतील तिसरा जॉर्ज हा रुसलेल्या प्रियकरासारखा राजा इंग्रज प्रेक्षकांस अतिशय आवडला. आपल्याच इतिहासास हंसण्याची संधि त्यांना मिळाली. केवळ अमेरिकनांसच कळतील असे मोजके शब्दही लंडनसाठीं बदलण्यांत आले. म्हणजे येथें भाषा एक असूनही कोणीतरी भाषांतरकाराचा प्रश्न स्वतःस विचारला होता. २०१८ मध्यें या नाटकास सात ऑलिव्हिए पारितोषिकें मिळालीं, आणि महासाथींतील बंदीचा काळ वगळतां तें तेथें वर्षामागून वर्ष चाललें.

तेव्हां न्यूयॉर्कमध्यें गाजलेलें नाटक लंडनमध्यें चालेल काय, याचें एका शब्दांत उत्तर नाहीं. तथापि कोणत्या प्रश्नांनीं त्या उत्तराच्या जवळ जातां येतें, हें या उदाहरणांवरून सांगतां येईल. नाटकांतील हंसूं आणि रडूं त्याच्या कथेंतूनच उत्पन्न होतें, कीं प्रेक्षकानें घरून आणलेल्या माहितीवर अवलंबून असतें? निवडलेलें नाट्यगृह त्या नाटकाच्या मापाचें आहे काय? त्या घटकेस त्या शहरास ज्याची भूक आहे तें या नाटकाजवळ आहे काय? या तिहींचें उत्तर अनुकूल असेल, तर गुराखी असोत कीं गवळी, लंडनचा माणूस त्यांस आपल्या घरचे मानतो. तें प्रतिकूल असेल, तर न्यूयॉर्कची सारी कीर्ति दारावरच्या पाटीपुरतीच उरते. पाटी वाचून प्रेक्षक पहिल्या आठवड्यांत आंत येतो. पुढच्या आठवड्यांत तो शेजाऱ्यास काय सांगतो, यावरच नाटकाचें आयुष्य ठरतें.