लुंबिनीला मतदार कार्ड चालते, श्रीलंकेच्या बोटीला नाही

विहारांतून धम्मसहली निघतात तेव्हा लुंबिनी हमखास असते. सोनौलीच्या सीमेवरून नेपाळमध्ये जायला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते. त्यामुळे पासपोर्ट म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांची गोष्ट, असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे.

२०२३ मध्ये चेन्नईहून श्रीलंकेच्या क्रूझ फेऱ्या सुरू झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपट्टिनम ते कांकेसनथुराई प्रवासी बोटही निघाली. अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष पाहण्याचा समुद्रमार्ग त्यामुळे खुला झाला. मात्र या वाटेवर मतदार कार्ड किंवा आधार चालत नाही.

पासपोर्ट लागणार की नाही, हे जहाज कोणत्या बंदरांना लागते यावर ठरते. मुंबई-गोवा क्रूझला फोटो असलेले सरकारी ओळखपत्र पुरे. एक जरी परदेशी बंदर आले, तरी तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला स्वतंत्र पासपोर्ट हवा. श्रीलंकेसाठी त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. म्हणजे पासपोर्टवर दहा वर्षे छापली असली, तरी शेवटचे सहा महिने अशा प्रवासाला निरुपयोगीच. प्रवेशाची ऑनलाइन परवानगीही निघण्याआधी काढावी लागते.

इंटरनेटवर ‘क्रूझला जन्मदाखला चालतो’ असे वाचाल. ती सवलत अमेरिकी नागरिकांची आहे, आणि तीही अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या जहाजांपुरती. आपला तिच्याशी काही संबंध नाही.

आपल्या तरुणांची खरी अडचण नावात आहे. अनेकांनी जातदर्शक आडनाव सोडले; कुणी नवे घेतले, कुणी एकच नाव ठेवले. निर्णय अभिमानाचा आहे, पण कागद त्याच्या मागे धावत नाहीत. दाखल्यावर जुने आडनाव, आधारवर नवे आणि तिकिटावर तिसरेच स्पेलिंग असेल तर बंदरावर अडवणूक होऊ शकते. राजपत्रात नावबदल छापून घ्या, त्याप्रमाणे आधार आणि पॅन दुरुस्त करा आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरा. पासपोर्ट आधीच असेल तर नाव बदलण्यासाठी तो नव्याने काढावा लागतो. तिकिटावर पासपोर्टवरचेच स्पेलिंग असू द्या.

एकच नाव असणाऱ्यांनी दुबईहून निघणाऱ्या क्रूझबाबत जास्त सावध राहावे. पासपोर्टवर फक्त एकच शब्द असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केला. वडिलांचे नाव पासपोर्टच्या आतील पानावर असल्यास सूट मिळते, हे नंतर स्पष्ट झाले. म्हणून अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा सोडू नका.

साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. ती सरकारी संकेतस्थळावरच भरा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे उकळतात. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहणाऱ्यांनी अर्जासाठी गावी जायची गरज नाही. सध्याचा पत्ता पुण्याचा द्या आणि त्याचा पुरावा जोडा, पोलीस पडताळणी तिथेच होते.