पेढीवरील दरोडा कीं परराष्ट्राची चढाई?

युद्ध म्हटलें कीं तोफा, विमानें आणि सीमेवरील सैनिक यांचेंच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभें राहतें. परंतु २०१८ सालीं आमच्या पुण्यांत जें घडलें त्याचा विचार करतां ही समजूत आतां सोडून द्यावी, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ सालीं पुण्यांत स्थापन झालेली जुनी पेढी. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारचा दिवस. त्या दिवशीं बनावट कार्डें वापरून २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारें ७८ कोटि रुपये कांहीं तासांत काढले गेले. हिंदुस्थानांतही सुमारें अडीच कोटि निघाले. पुढें १३ तारखेस जवळजवळ १४ कोटि रुपये हाँगकाँग येथील एका बँकेंत परस्पर रवाना झाले. एकूण हानि ९४ कोटींवर गेली.

हें घडलें कसें? यंत्रांत कार्ड घातलें कीं, 'पैसे द्यावे काय?' असा प्रश्न बँकेच्या संगणकाकडे जातो व तेथून होकार आल्यावरच नोटा बाहेर पडतात. चोरांनीं वाटेंतच एक तोतया संगणक-व्यवस्था बसविली आणि ती प्रत्येक प्रश्नास 'द्या' म्हणत राहिली. भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत ठाऊक असलेल्या पुणेकरांस ही युक्ति अगदींच अपरिचित वाटूं नये!

परंतु हे केवळ दरोडेखोर होते काय? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०१९ च्या आपल्या अहवालांत या कृत्याचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. असले आरोप तें राष्ट्र नाकारतें. अण्वस्त्रांपायीं त्याच्यावर व्यापारबंदी लादलेली असल्यामुळें परकी चलन मिळविण्याचा हा चोरमार्ग त्यानें धरला, असें तज्ज्ञांचें म्हणणें आहे. बलाढ्य राष्ट्रेंही या शस्त्रापासून अलिप्त नाहींत. इराणमधील नतांझ येथील अणुयंत्रें बिघडविणारा संगणकी विषाणु २०१० सालीं उघडकीस आला, तेव्हां अमेरिका व इस्रायल यांकडेच बोट दाखविलें गेलें. सैन्य हलवावें लागत नाहीं, युद्ध पुकारावें लागत नाहीं आणि कानांवर हात ठेवण्याची सोय राहते. या शस्त्राचें खरें मोल यांतच आहे.

ग्राहकांच्या खात्यांस धक्का लागला नाहीं, असें बँकेनें त्या वेळीं सांगितलें. तरी सहकारी पेढीची हानि ती अखेर सभासदांचीच हानि. आम्हांस अधिक बोचतें तें निराळेंच. यंत्रांतून नोटा काढण्यास आपल्याकडचींच माणसें पुढें झालीं. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणीं ११ जणांस दोषी ठरविलें. दूरच्या सूत्रधारास येथें हात मिळाले, ते चार पैशांच्या लोभानें.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं हा विषय मुलांसुनांसमवेत अवश्य बोलावा. आपलें कार्ड वा खातें परक्यास वापरावयास देऊं नये, गुप्त अंक कोणास सांगूं नयेत, अनोळखी पत्रांतील दुवे उघडूं नयेत. सीमेवर पहारा सैनिक करतील. उंबरठ्यावरील पहारा मात्र आपला आपणच केला पाहिजे.